पाटीवरचं नाव

“धम्मानंदा, पाटी झाली का? साहेब दहालाच येतेत!” व्यवस्थापक एकनाथराव सावलीतून ओरडले.

“झाली,” धम्मानंद म्हणाला आणि त्यानं पाटीवर हिरवं कापड टाकलं.

कोळसा कंपनीच्या हैदराबादच्या मुख्य कचेरीत तो सोळा वर्षं माळी होता. दर पर्यावरणदिनी साहेब एक रोप लावायचे आणि त्यांच्या नावाची पाटी धम्मानंद रंगवायचा. रोप उन्हाळ्यात जळायचं. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप, नवी पाटी, तोच फोटो. लाज म्हणून नव्हती कुणाला.

तीन आठवड्यांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ संघपाल कंपनीच्याच शहराबाहेरच्या कोळसा यार्डात भर दुपारी कोसळला. अंबरपेठेच्या घरी आला तो पांढऱ्या कापडात. पण तो ठेकेदाराचा माणूस, म्हणून कंपनीच्या अहवालात उष्माघाताचे बळी निरंक. धम्मानंद एकनाथरावांकडे गेला होता.

“नुसतं नाव लिहा सर. दुसरं काही मागत नाही.”

“आपल्या रजिस्टरात नाहीच तो, तर कुठून लिहू? ठेकेदाराला विचार.”

“ठेकेदार म्हणतो, कंपनीला विचारा.”

“मग नक्को ना आता तो विषय!”

दहाला साहेब आले. देशाला वीज हवी आणि पृथ्वीही वाचवायची आहे, म्हणून तीन नव्या खाणी आणि पन्नास हजार झाडं, असा तोल आम्ही साधणार आहोत, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. धम्मानंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसला तोल! एका पारड्यात खाणी आणि दुसऱ्यात जळकी रोपं.

साहेबांनी रोप खड्ड्यात ठेवलं, हात झटकले आणि कॅमेऱ्यांकडे बघत कापड ओढलं.

‘संघपाल. कोळसा यार्ड. वय चौतीस. कामावर ऊन लागून गेला.’

“हे कोण?” साहेबांचं हसू अजून तोंडावरच होतं.

“माझा भाऊ. तुमच्या रजिस्टरात नव्हता.”

एकनाथराव धावत आले. “पागल झाला का रे? उपट ती! नोकरी गेली तुझी, समजलं?”

“समजलं. पण पाटीला हात लावू नका. मी काढतो.”

सगळे घाईघाईनं चहाला आत गेले. रोपाला पाणी घालायचं कुणाच्या लक्षातही नव्हतं. धम्मानंदनं खड्डा भरेपर्यंत पाणी सोडलं, नळ घट्ट बंद केला आणि पाटी काखेत घेऊन फाटकाबाहेर पडला.