जात्यावरचं मडकं

नायगावची चाळ सोडून टॉवरच्या अठराव्या मजल्यावर आले, तेव्हा माझ्याबरोबर दोनच जुन्या गोष्टी आल्या. एक माझं जातं आणि दुसरी राधाबाई. राधाबाईला शेजारचाच फ्लॅट मिळाला, त्यामुळे तिची काळजी नव्हती. जात्याची होती.

माझा लेक शंतनु रोज त्याला ठेचकाळायचा. हॉल एवढा मोठा, पण त्याच्या पायाचा अंगठा बरोबर जातं शोधून काढायचा. एके दिवशी लंगडत येऊन त्याने जाहीर केलं, "आई, परळच्या एका कॅफेवाल्याला जातं हवंय. रविवारी घेऊन जाईल."

"कॅफेत काय दळणार?"

"दळणार कशाला? दारात ठेवणार. लोक फिरवतील, फोटो काढतील. तू तरी काय करतेस त्याचं?"

आमच्या चाळीतल्या निम्म्या मुलींच्या लग्नाची हळद या जात्यावर दळली होती. समोरच्या वसंताचं लग्न मोडलं, तेव्हा दळून ठेवलेली हळद सगळ्या मजल्याने पुढचं वर्षभर आमटीत घातली. पण आठवणींना शंतनु काम म्हणत नाही.

काम आणलं माझ्या नातीने, मनवाने. ती परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात मातीची भांडी करायला शिकते. एका संध्याकाळी ती मातीचा गोळा घेऊन आली आणि कुरकुरली, "घरी चाक असतं तर प्रॅक्टिस झाली असती गं आजी."

मी जात्याकडे बोट दाखवलं. "हे फिरतं."

"सिरियसली?"

"चाकाचं काम दिलं, तर तुझा बाबा त्याला हात लावेल का?"

मनवाने आधी माती मळायला सांगितली. आत हवा राहिली तर भट्टीत भांडं फुटतं म्हणे. मी पोळ्यांची कणीक मळते तशी मळली आणि सवयीने तेलाचा हात लावला.

"आजी, तेल नाही! पुऱ्या नाही करायच्यात!"

इतक्यात राधाबाई आलीच. "कालिंदे, ह्या काय गो करतंस? माती खातलंस आता?"

"मडकं करतोय. खुंटा धर आणि फिरव."

आता चाकाचा पहिला नियम असा की गोळा बरोबर मध्यभागी बसला पाहिजे. आणि जात्याच्या बरोबर मध्यभागी असतं भोक. मनवाने ओल्या हातांनी गोळा दाबला, वरून पाणी शिंपडलं, राधाबाईने खुंटा फिरवला आणि पातळ झालेली माती मुकाट्याने भोकात उतरली. थोड्याच वेळात दोन दगडांच्या मधून चहूबाजूंनी इडलीचं पीठ बाहेर यावं तशी ती यायला लागली. जातं आपलं इमानेइतबारे दळत होतं.

"हळू फिरवा ना राधाआजी!"

पण राधाबाईला एव्हाना ओवी आठवली होती. एकदा ओवी आठवली की ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही. जातं गरगरलं, गोळा डुगडुगला आणि उडून थेट शंतनुच्या ऑफिसच्या बुटात जाऊन बसला.

"नेम बघ कसो!" राधाबाई म्हणाली.

उरलेल्या मातीचं मनवाने हातानेच काहीतरी थापलं. मडकं म्हणावं तर मडकं, टोपी म्हणावी तर टोपी. ते बाल्कनीत वाळत ठेवलं. शुक्रवारी राधाबाईने त्यात हौसेने पाणी भरलं आणि मांडीवर घेऊन बसली. बघता बघता मडक्याने बसकण मारली आणि राधाबाईच्या नव्या गाउनवर चिखल पसरला.

"कच्चं आहे ते!" मनवा हसून लोळत होती. "भट्टीत भाजलं की पाण्याला दाद देत नाही. पण नुसतं वाळलेलं असेल, तर पाणी लागलं की परत चिखल."

रविवारी कॅफेवाला राहुल हजर झाला. "फिरतं आहे ना? फिरतंच हवंय मला," म्हणत त्याने खुंटा धरला. जातं ढिम्म. त्याने दोन्ही हात लावले. मग शंतनुने जात्याला पाय लावून खुंटा ओढला. खुंटा उपटून हातात आला आणि लेक सोफ्याखाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाहेरची माती आम्ही पुसली होती. आतली तशीच वाळून दोन्ही दगडांना धरून बसली होती. मी मनवाकडे पाहिलं. ती अगदी मन लावून पंख्याकडे बघत होती.

"आई, काय केलंस याला?"

"म्हातारं झालंय रे. माझे नाही का गुडघे धरत?"

राहुलने डोकं खाजवलं. राधाबाईने त्याला प्यायला दिलेला ग्लास त्याच्या हातात होता. तो म्हणाला, "थोडं पाणी टाकून बघू का?"

पाणी लागलं की आतली माती सुटणार होती. पण राधाबाईने झडप घालून ग्लास हिसकावला. "खबरदार! हळदीच्या जात्याक पाणी लावलां तर घरात आठ दिवस कोणाक झोप येत नाय!"

असं काहीही नसतं. चाळीत आम्ही दर दिवाळीला ते नळाखाली धुवायचो. पण शंतनुला झोप फार प्यारी. तो घाईने म्हणाला, "नको, नको, राहू दे. न फिरणारं जातं नेऊन काय करणार तुम्ही?"

राहुल चहा पिऊन गेला. शंतनु जेवून आत आडवा झाला. राधाबाईने तोच ग्लास घेतला आणि सावकाश भोकात ओतला. आम्ही तिघी जात्याभोवती बसून राहिलो. मी खुंटा ठोकून बसवला आणि हळूच फिरवून पाहिला. घर्रर्र.

"आई!" आतून हाक आली. "कसला आवाज गं?"

"वरच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चाललंय, बाळा. झोप तू."

"रविवारी पण?" असं पुटपुटत तो कुशीवर वळला. आणि राधाबाईने, अगदी हळू आवाजात, ओवी धरली.