संताप म्हणतात त्याला

श्रावणभर रागवायचं नाही, आवाज चढवायचा नाही, असं मी इष्टलिंगापुढं बोलले होते.

वीरप्पाला ते ठाऊक होतं. निजाम सरकारची लेव्हीची ज्वारी गावात तोच गोळा करी. आमच्यातलाच तो, लिंग त्याच्याही गळ्यात. आमची लेव्ही चैत्रातच घातलेली. तरी तो गडी घेऊन पुन्हा आला, आणि आला तो नेमका माझ्या पूजेच्या वेळी. लिंग डाव्या तळहातावर असलं की बाई बोलत नाही, हे तो जाणून. शेजारच्या विधवा महानंदाचं जमिनीतलं धान्याचं पेव त्यानं असंच उपसलं होतं. ती तळहाताकडं बघत नुसती रडत राहिली.

"पार्वतम्मा, पेव उघडा. हुकूम हाय," तो सासूबाईंना म्हणाला.

"कुणाचा हुकूम? तुझ्या पोटाचा? माझा ल्योक ईरण्णा गावाला गेलेला बघून आलास व्हय रं?"

गडी हसले. वीरप्पानं अंगणातल्या पेवाच्या तोंडाशी पहार रोवली. "सूनबाई तर काय बोलत न्हाय. म्हंजी कबूल!"

राग मला ओळखीचा. दूध उतू गेलं की येतो, घोटभर पाणी प्यालं की जातो. हे निराळं होतं. तळपायापासून चढत आलं, पण लिंगावरचं बेलाचं पान हललं नाही. आई ‘संताप’ हा शब्द जपून वापरायची. आम्हा पोरांवर तिला राग यायचा. दुष्काळात धान्य कोंडून बसलेल्या सावकाराचा मात्र संताप.

मी लिंग तसंच धरून उठले आणि पेवाच्या तोंडावर, पहारीला गुडघा टेकवून बसले.

"उचला तिला!"

"न्हाय मालक. हातात लिंग हाय. आमी न्हाय शिवणार."

"बसू द्या मग. किती वेळ बसंल?" वीरप्पा अंगणाच्या दारातल्या उंबऱ्यावर टेकला.

ऊन डोक्यावर आलं. सासूबाई कानाशी वाकल्या. "शिवगंगा, पूजा आटप, पाणी पी. राग सोड गं."

मी मान हलवली. राग असता तर सुटला असता.

तेवढ्यात महानंदा आली. तिच्याही तळहातावर लिंग. वीरप्पाच्या पायाजवळून, पदरही न सावरता ती आत शिरली आणि मला खेटून बसली. तिचं अंग तापानं फणफणल्यासारखं कढत होतं. आज ती रडत नव्हती.

गडी एकेक करून निघाले. शेवटी वीरप्पा आपली पहार आपणच उपटून गेला.

तरी आम्ही दोघी उठलो नाही.