राष्ट्रगीत संपेपर्यंत

बन्सीचं नाव कुणी कौतुकानं घेतलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. इथं पडेगावात माझ्याच ओट्यावर बसून लोक त्याचे गोडवे गातात, आणि चहा मी करायचा.

पासष्ट सालची गोष्ट. छावणीत माझा भाऊ मुबारक फौजी वर्द्या शिवायचा, मी, राहत, घरात बसून काज करायचे. पाचोडचा बन्सी पलटणीत शिपाई. एकच वर्दी कधी सैल, कधी घट्ट करून घ्यायला सारखा यायचा. मुबारकच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं माझ्या मनगटावर तापलेली इस्त्री टेकवली आणि पडेगावच्या कमरोद्दीनशी, माझ्या दुप्पट वयाच्या बिजवराशी, शुक्रवारी निकाह ठरवून टाकला.

तेवढ्यात लढाई लागली. बन्सीची पलटण निघणार होती. गुरुवारी संध्याकाळच्या गाडीनं मनमाड गाठायचं, त्याच्या मावशीकडे, मनकर्णाबाईकडे लग्न लावायचं, मग मी तिथंच राहायचं आणि त्यानं आघाडीवर जायचं, असं ठरलं. गाडीपर्यंत लपायचं कुठं? टॉकीजच्या अंधारात. मी बुरख्यात, तो मी दुकानातून पळवलेल्या शेरवानीत आणि टोपीत. मागची रांग, दाराजवळच्या खुर्च्या मुद्दाम धरल्या.

पिक्चर इंग्रजी होता. गोरा शिपाई शत्रूच्या मुलखातल्या पोरीवर जीव लावतो आणि तिच्यासाठी बंदूक टाकून पळतो. मी रडत होते. बन्सी फणकारला, "असला कसला शिपाई? बंदूक टाकतंय व्हय कुणी?" तेव्हाच मला कळायला हवं होतं. पिक्चर संपायच्या आधी निघायचं होतं, तर म्हणाला, "थांब गं, त्याला धरत्यात का बघू."

दिवे लागले, राष्ट्रगीत सुरू झालं. एरवी या वेळी लोक चपला शोधत दाराकडे पळायचे, पण लढाईचे दिवस होते, सगळे उभे राहिले. कुणी डुलत, कुणी पोटावर हात बांधून. एकटा बन्सी काठीसारखा ताठ, मुठी शिवणीला चिकटलेल्या. शेरवानीतला माणूस असा उभा राहतो का कधी? आणि मला शोधत पडद्याजवळच्या दारातून नुकताच आत आलेला मुबारक आमच्याकडे तोंड करून उभा होता. त्या खांद्यांचं माप त्यानंच घेतलेलं. त्यानं लगेच ओळखलं.

पण तो हलला नाही. हलूच शकत नव्हता. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनपासून आमच्या घरात एकच शिकवण, कुणाला बोट दाखवायला जागा द्यायची नाही. भर राष्ट्रगीतात मुसलमान धावला असता तर हॉलनं त्याला तिथंच तुडवला असता. तो नुसता जबडा आवळून बघत राहिला.

आमच्या मागं कुणी नव्हतं. दार हाताशी होतं. मी बाही ओढली. "चल! आत्ताच!" बन्सी ढिम्म. "अरे, तो येऊ शकत नाही, पळ!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं, पण मान वळली नाही.

राष्ट्रगीत संपलं. बन्सी सैल झाला, माझा हात धरून म्हणाला, "चल, राहत." तोवर सगळा हॉल त्या दारावर लोटला होता. त्या गर्दीत मुबारकची मूठ माझ्या बुरख्यात अडकली. "घर कू चल," एवढंच तो म्हणाला. बन्सी माझं नाव घेऊन ओरडत राहिला, आणि गर्दीनं त्याला दुसरीकडे ढकलत नेलं.

शुक्रवारी निकाह झाला. मुबारकला मी मेल्यावरही माफ करणार नाही, पण तो दुश्मनच होता, त्याच्याकडून मला काही नको होतं.

बन्सी पदक घेऊन परतला. अंगावर तोफगोळे येत होते तरी गडी जागचा हलला नाही, असं ओट्यावरचे लोक सांगतात. मी चहा पुढं ठेवते आणि म्हणते, "खरंय. मी बघितलंय."