कुंपणाबाहेरची सही

हॅडलीने व्हर्नाच्या हातातून सर्टिफिकेट घेतलं, तिच्या फोटोवर बोट ठेवलं आणि वाट अडवूनच उभा राहिला.

“कायद्यानं तू आता आदिवासी राहिली नाहीस. आणि बाहेरच्या माणसाला वस्तीत यायला मनाई आहे.”

“माझी आई राहते आत, साहेब.”

“हे घेताना ते सुचायला हवं होतं.”

हॅडली त्या सरकारी वस्तीचा व्यवस्थापक. कोणी बाहेर जायचं, कोणाकडे पाहुणा उतरायचा, सगळं त्याच्या मर्जीवर. आदिवासींवरच्या बंधनांतून सूट देणारं ते सर्टिफिकेट व्हर्नाने घेतलं होतं मुलीसाठी. त्याच्या जोरावर लिझीला शहरातल्या शाळेत बसू देत होते. वस्तीतले लोक त्याला कुत्र्याचा बिल्ला म्हणत. आज ती आली होती अर्ज घेऊन. आम्हांला या देशाचे पूर्ण नागरिक माना, एवढीच त्यातली मागणी. सिडनीहून निघालेला तो अर्ज गावोगाव फिरत होता.

“आई!” तिनं कुंपणावरून हाक मारली. “सह्या घ्यायला आलेय. हा आत सोडत नाही!”

थोड्या वेळानं तिची आई, म्हातारी मर्टल, काठी टेकत आली. हॅडलीकडे न बघता त्याच्या बाजूनं बाहेर पडली आणि रस्त्याकडेला निलगिरीच्या सावलीत बसली.

“मर्टल, परवानगी घेतलीस? या आठवड्याचं रेशनचं पीठ बंद होईल!”

“कर बंद. त्यातले किडे तेवढे उपाशी मरतील.”

आतून कोणीतरी खो खो हसलं. मर्टलने पेन मुठीत धरून कागदावर फुली मारली, फाटेल इतक्या जोरात. मग ती हसणारी रूबी पोराला कडेवर घेऊन बाहेर आली. तिच्यामागून तिचा नवरा. दुपारपर्यंत सही करून रस्त्यावर तेवीस माणसं बसली होती.

हॅडलीने बोलावलेला पोलीस वही काढून एकेकाचं नाव लिहू लागला. कोणीही चाचरलं नाही. व्हर्नापाशी येऊन तो थांबला.

“तुझं नको,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “तू यांच्यातली नाहीस. चारची बस पकड. इथं बसलेली दिसलीस, तर तुझं सर्टिफिकेट रद्द होईल.”

व्हर्नाने शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नजर टाकली. शाळा सुटायची वेळ झाली होती. तिनं सह्यांचे कागद नीट जुळवले, रूबीच्या हाती दिले आणि आईशेजारी मातीतच बसकण मारली.

“लिहा. व्हर्ना डेंट. गाव हेच.”

“अगं, पोरीच्या शाळेचं काय?” रूबीनं विचारलं.

“त्याचाही अर्ज करू. कागद पुष्कळ आहेत.”

पोलिसाने हॅडलीकडे पाहिलं. मग पेन्सिल वहीवर टेकवली.

“मोठ्या अक्षरात लिही,” मर्टल म्हणाली.