बाबा विणायला बसले तो हिवाळा

आईने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आतल्या खोलीत नेलं, की आम्ही तिघं भावंडं समजायचो, थंडी आली. त्या स्टुलावर चढून ती माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायची. ट्रंक उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरायचा, मग एकेक स्वेटर बाहेर यायचा. आई आम्हाला ओळीने उभं करून ते अंगाला लावून बघायची. बाही मनगटाच्या वर गेली, की त्या स्वेटरचा निकाल लागला. तो उसवायचा आणि त्याच लोकरीचा नवा विणायचा.

ताई सगळ्यांत मोठी. मी मधली, आणि घरात मला हाकही 'मधली' अशीच मारत. तिसरा धाकटा. ताईचा हिरवा स्वेटर माझा होई, माझ्यावरून उतरला की त्यात निळी भर घालून धाकट्याचा. एकच लोकर घरात किती वर्षं फिरत होती, ते आईलाच ठाऊक. उसवलेल्या लोकरीला कुरळ्या केसांसारखे वेढे पडलेले असत. आई तिच्या लडी करून कोमट पाण्यात बुडवायची, दोरीवर टांगायची आणि वेढे निघावेत म्हणून खाली वजन अडकवायची. वजन बाबांच्या दुकानातलं. बाबा घड्याळं दुरुस्त करत आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळांची पितळी वजनं त्यांच्याकडे पडलेली असत. मागच्या अंगणात निळ्या-हिरव्या लडी आणि त्यांना लोंबणारी ती चकचकीत वजनं. शेजारचे लोक आधी चकित व्हायचे, मग सवय झाली त्यांना.

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी आई ट्रंकेसकट स्टुलावरून खाली आली. ट्रंकेला काही झालं नाही. आईचं उजवं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, हात गळ्यात अडकवला आणि दोन महिने काही उचलायचं नाही म्हणून बजावलं.

घर कसंबसं चालू लागलं. ताई स्वयंपाकाचं बघे, मी भांडी आणि केर, धाकटा मधे मधे करी. आईच्या देखरेखीखाली आम्ही स्वेटर उसवले, लडी धुतल्या, गुंडेही केले. आणि मग ते टोपलीत तसेच पडून राहिले. ताईला विणता येत होतं ते फक्त मफलरपुरतं, तेही कुठे थांबायचं ते न कळणारं. तिचा एक मफलर खिडकीच्या पडद्याएवढा लांब झाला होता.

"या वर्षी विकतचा आणू या ना," मी म्हटलं. मला कधीपासून दुकानातला, चेन लावलेला स्वेटर हवा होता.

आई टोपलीकडे बघत राहिली. बाबा जेवत होते. हात धुऊन आले आणि म्हणाले, "सुया कुठे आहेत?"

"कशाला?" आईने विचारलं.

"विणतो."

आम्ही सगळेच हसलो. बाबा तसे मितभाषी. आई-बाबांचं दिवसभराचं बोलणं म्हणजे "दूध आलं?" "आलं." "किल्ली घेतली?" "घेतली." एवढंच असायचं. बाबांनी हसणं कानाआड केलं. "अगं, मी केसाएवढी स्प्रिंग बसवतो," ते म्हणाले. "हे तर दोरखंड आहे."

त्या दोरखंडाने त्यांना चार संध्याकाळी घाम फोडला. आई खुर्चीत बसून सांगे, "दोन सुलट, दोन उलट. दोन सुलट, दोन उलट. अहो, उलट म्हटलं मी!" बाबा डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून एकेक टाका तपासत.

"विणताय की ऑपरेशन करताय?" आई म्हणे.

धाकट्याच्या निळ्या स्वेटरचा खालचा चार बोटांचा पट्टा तयार झाला, तेव्हा बाबांनी तो अभिमानाने टेबलावर ठेवला. तो टेबलावर उभा राहिला. खरंच उभा राहिला, पुठ्ठ्यासारखा. आई हसून हसून दुखऱ्या हाताला धरून बसली.

"अहो, किती घट्ट विणलंय! सुई चालवा, दाबू नका. स्क्रू नाही तो."

बाबांनी मुकाट्याने तो पट्टा पुन्हा उसवला. एकदा नाही, तीनदा. चौथ्या वेळी तो लोकरीसारखा लोंबला, आणि आई म्हणाली, "हां." आईच्या तोंडचं एवढं 'हां' आम्हाला परीक्षेतल्या पहिल्या नंबरासारखं असे. बाबांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

मग त्यांना नादच लागला. ते विणकाम दुकानात न्यायला लागले. दुकान आमच्या शाळेच्या वाटेवरच होतं. रस्त्याकडे मोठी काच, आणि उजेडासाठी बाबांचं टेबल काचेला अगदी चिकटून. गिऱ्हाईक नसलं की बाबा तिथे बसून विणत.

एका सकाळी मी मैत्रिणींबरोबर तिथून चालले होते. त्यांतली एक काचेपाशी थबकली. "ए, तो बघ, पुरुष असून विणतोय! तुमचंच दुकान ना गं हे? तुझे बाबा का ते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "छे, ते कामाला असलेले काका आहेत."

त्या रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, "दुकानात नका ना विणू."

"का गं?"

"सगळे बघतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि घास घेतला.

दुसऱ्या दिवशी काचेमागची खुर्ची रिकामी दिसली. मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशीही वाटलं. चौथ्या दिवशी शाळेला सुटी होती आणि बाबांचा डबा पोचवायचं काम माझ्यावर आलं. दुकानात गेले तर बाबा दिसेनात. मागे सामान ठेवायची एक अडचणीची जागा होती, तिला पडदा लावलेला. खिडकी नाही, वर एक मिणमिणता दिवा. पडदा सारला तर बाबा खोक्यावर बसून, सुया नाकाजवळ धरून विणत होते. डोळे लाल झाले होते.

मला रडूच फुटलं. काय झालं ते त्यांना कळेना. हुंदके देत मी सगळं सांगून टाकलं. मैत्रीण काय म्हणाली, मी काय म्हटलं, सगळं.

बाबांनी सुया खाली ठेवल्या. "कामाला असलेले काका," ते सावकाश म्हणाले. "मग मालक कोण? तू?"

मी रडता रडता हसले.

"मालकीणबाई, आता आलाच आहात तर तोंड बंद ठेवायचं कबूल करा." त्यांनी मांडीवरचं विणकाम उलगडून दाखवलं. ते निळं नव्हतं. गडद तांबड्या लोकरीचं होतं आणि धाकटा दोनदा मावेल एवढं मोठं.

"हा कुणाचा?"

"तुझ्या आईचा."

बाबा म्हणाले, "ती पडली त्या दिवशी ट्रंक मी आवरली. सगळे स्वेटर घड्या करून ठेवले. तुझे, ताईचे, धाकट्याचे, माझे दोन. तिचा एकही नाही. इतकी वर्षं ती शालच गुंडाळून बसते, आणि मला ते कधी दिसलंच नाही बघ."

लोकर त्यांच्याच जुन्या स्वेटरची होती. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत आईने त्यांच्यासाठी विणलेला. बाबांच्या पोटाने तो केव्हाच नाकारला होता, पण त्यांनी तो उसवू दिला नव्हता.

मी बाबांना हाताला धरून पुन्हा काचेपाशी, त्यांच्या खुर्चीकडे नेलं. "इथे बसा. उजेड आहे." आणि शेजारी स्टुलावर गुंडा हातात घेऊन मीही बसले. त्या दिवशी समोरून बरेच लोक गेले. काहींनी बघितलं, एका म्हाताऱ्या शिंपीणकाकूंनी आत येऊन "गळ्याला टाके कमी करताना सांभाळा हो" असा सल्लाही दिला. पुढच्या आठवड्यात ती मैत्रीण भेटली, तेव्हा मी तिला सांगितलं की ते माझे बाबा आहेत. "मग आधी तसं का म्हणालीस?" तिने विचारलं. "लाज वाटली म्हणून," मी म्हटलं. तिने खांदे उडवले आणि विषय संपला. मी उगाच इतके दिवस कुढत बसले होते.

माप घ्यायचं काम माझ्याकडे होतं. आई भाजी निवडायचा प्रयत्न करत बसली होती, डाव्या हाताने. मी मागून जाऊन तिला मिठी मारली, मुठीत दोरा लपवून. दोरा तिच्या छातीभोवती फिरवून जिथे टोकं जुळली तिथे चिमटीत पकडला.

"आज एवढे लाड कशाचे?" आई म्हणाली.

"असंच."

"असं कधी करत नाहीस तू. काही फोडलंस का?"

दोऱ्याला गाठ मारून मी तो बाबांना नेऊन दिला. माझ्या डोक्यात एक गोष्ट आलीच नाही. मिठी मारली तेव्हा आईचा प्लास्टरमधला हात छातीशी होता. तोसुद्धा मी मापात धरला होता.

इकडे आईला संशय येऊ लागला. निळा स्वेटर पुढे सरकेना. "दिवसभर काय करता हो दुकानात?" ती विचारी. बाबा म्हणत, "गिऱ्हाईक होतं." ताईला आम्ही कटात घेतलं, धाकट्याला नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे. शेवटी निळा आणि तांबडा दोन्ही एकाच आठवड्यात पुरे झाले. निळा धाकट्याच्या डोक्यातून जरा खेचूनच घालावा लागला, पण गेला.

मग बाबांनी कागदात गुंडाळलेला तांबडा स्वेटर आईच्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "हे बघ बरं, नीट झालंय का."

आईने कागद सोडला. लोकर तिने लगेच ओळखली, कारण तिचा हात तिथेच थांबला. मग सवयीने तिने स्वेटर उलटा केला. विणकाम नेहमी मागच्या बाजूने बघायचं, असं तिचं म्हणणं असे. एकेक ओळ बघत वर गेली आणि काखेपाशी बोट ठेवलं.

"इथे सुलट पडलाय. उलट हवा होता."

"कुठे?" बाबा भिंग घेऊन वाकले. "अरेच्चा. आण इकडे, उसवून परत करतो."

"हात लावून तर बघा," आई म्हणाली. मग ती आमच्यावरच ओरडली, "बघत काय बसलात? घाला मला."

प्लास्टरवरून बाही जाईना. म्हणून डावा हात बाहीत घातला आणि उजवा, गळ्यातल्या झोळीसकट, स्वेटरच्या आत ठेवला. उजवी बाही रिकामी लोंबत राहिली. आणि अंगात तो इतका नेमका बसला की बाबा चकित झाले. "माप अगदी अचूक घेतलंस गं," ते मला म्हणाले. मी खुशीत मान डोलावली.

त्या दुपारी आई काही काम नसताना गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. मग पुन्हा गेली.

प्लास्टर निघालं तेव्हा माझ्या मापाची गंमत सगळ्यांना कळली. स्वेटर आईला ढगळ झाला. बाबा म्हणाले, पुन्हा विणतो. आई नाही म्हणाली. आत अजून एक माणूस मावेल, असं हसत सांगून तिने तो कित्येक हिवाळे तसाच वापरला.

मनगट जुळलं, पण पहिल्यासारखं झालं नाही. दहा मिनिटं सुया धरल्या की कळ यायची. तेव्हापासून रंग आणि टाक्यांचा हिशेब आईचा, विणणं बाबांचं, अशी वाटणीच झाली. संध्याकाळी दिवे लागले की दोघांचं सुरू होई. "चाळीस टाके सांगितले होते." "चाळीसच आहेत." "मोजा." "मोजले." "मोठ्याने मोजा!" आम्ही शेजारच्या खोलीत अभ्यास करत असू आणि ते भांडण कानावर पडत असे. त्या घरात इतकं बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आई-बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात आम्ही तिघं ताईकडे जमलो होतो. बाहेर गारठा पडला होता. बोलता बोलता बाबांनी एकूण किती स्वेटर विणले यावरून वाद लागला. ताई म्हणे बावीस, मी म्हणे एकोणीस. धाकटा, ज्याला आता नातवंडं आहेत, चहा पीत होता.

"तुझं काय मत?" ताईने विचारलं.

"मला फक्त तो पहिला निळा आठवतो," तो म्हणाला. "फार टोचायचा गं गळ्याला. लाल पट्टा उठायचा."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"रोज सकाळी दुकानाला निघताना बाबा माझी कॉलर बाहेर काढून विचारायचे, 'टोचत नाही ना रे?'" त्याने कप खाली ठेवला. "रोज विचारायचे. मी म्हणायचो, 'नाही बाबा.' मग ते सायकलची घंटी वाजवत जायचे. दोन हिवाळे घातला तो."

ताई उठून त्याच्यासाठी आणखी चहा आणायला गेली.