भरून वाहणारी टाकी

मी एक जुनी पाण्याची टाकी आहे, मित्रांनो. भोपाळच्या कोलार रोडवर, शहर संपत आले असे वाटते तिथल्या एका कॉलनीत, भालचंद्रकाकांच्या गच्चीवर माझा मुक्काम असतो. माझा रंग काळा आहे ते एका परीने बरेच झाले. मला वाटणारी शरम त्यावर दिसत नाही.

कारखान्यातल्या गरम साच्यात गरागरा फिरवून मला घडवले. तेव्हा मी अशी चकाकत होते, की माझा तोराच वेगळा! काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, शहरातले क्वार्टर सुटले आणि विजयाकाकूंसह ते इथे राहायला आले. दोर बांधून मला गच्चीवर चढवले, तेव्हा काकूंनी मला हळदकुंकू वाहिले. "शहरापासून लांब आलो खरे, पण पाणी घरचे आहे," असे काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बोअरचे पाणी त्यांना घरचेच वाटे.

कॉलनीच्या भिंतीमागे जुनी वस्ती आहे. तिथून कमल आमच्याकडे भांडी घासायला येते. कॉलनीत घरोघर बोअर झाले आणि उन्हाळा लागला की वस्तीतला हातपंप कोरडा पडू लागला.

पुढे मी भरले की पंप बंद करणारा माझ्या आतला फ्लोट बिघडला. रोज सकाळी पाणी पाइपातून मागच्या गल्लीत धो धो पडे. "बघू, मिस्त्री मिळाला की," म्हणत काकांनी दोन वर्षे काढली.

एकदा कमलने त्या धारेखाली आपली बादली लावली. मला इतके बरे वाटले म्हणून सांगू! मग तिची जाऊ आली, मग शेजारणी आल्या.

लगेच कॉलनीच्या ग्रुपवर तक्रार झाली, की बाहेरच्या बायका गल्लीत गर्दी करतात. त्याच दुपारी मिस्त्री हजर!

"अहो, कमलला खालच्या नळावर एक बादली भरू द्या ना," काकू म्हणाल्या.

"एकीला दिले की सगळी वस्ती दारात उभी राहील," काका म्हणाले.

काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दुसऱ्या सकाळी कमल बादली घेऊन पाइपाखाली उभी राहिली. बराच वेळ वर माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारले, "दीदी, आज टंकी नहीं भरी क्या?"

"भर गई. अब ठीक हो गई है," काकूंनी तिच्याकडे न बघता सांगितले.

त्या वेळी मला फुटून जावेसे वाटले.

गुढीपाडव्याला मराठी मंडळाने आमच्याच गच्चीवर कार्यक्रम केला. पाण्याचा थेंबही वाया न घालवणारे घर म्हणून काकांना शाल आणि श्रीफळ दिले. टाळ्या वाजल्या. कुणीतरी कौतुकाने माझ्या पाठीवर थापही मारली. पाहुणे जेवायला खाली गेले, तेव्हा कमल ग्लास गोळा करायला आली. अर्ध्या राहिलेल्या ग्लासांतले पाणी तिने एकेक करून आपल्या बादलीत ओतले, वर झाकण घातले आणि बादली पदराआड धरून ती जिना उतरली. मी मात्र काठोकाठ भरलेली होते.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. माझी निगा उत्तम राखली जाते. तुमच्या घरामागे भिंत असेल, तर तिच्यापलीकडे पाणी कुठून येते ते एकदा जाऊन बघा. मला गच्चीवरून उतरता येत नाही. तुम्हाला येते.