पाठ असलेला झगा

"कोणी विचारलं तर कोबी आहे म्हण," ऊना कोफी म्हणाली आणि कोटाच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढून तिने टेबलावर ठेवलं. "फादरनी रविवारी वेदीवरून सांगितलंय. हे पुस्तक ज्या घरात सापडेल त्या घरात ते पाऊल टाकणार नाहीत."

"मग दारातच ठेव," डिलियाची आई चुलीजवळच्या खुर्चीतून म्हणाली. "चहा तरी वाचेल."

डिलिया हात पुसत आली. पुडक्यातून निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक निघालं, आणि त्यावर तिच्या भावाचं नाव. मायल्स टॅलन. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिने ते नाव बोटाने चाचपलं.

"संपलं म्हणजे," ती म्हणाली. "पुस्तक संपलं की येतो म्हणाला होता. दरेक पत्रात म्हणाला होता. डिलिया, वरच्या खोलीतली गादी उन्हात टाक."

"ऊन कुठंय, आई?"

"मग चुलीपुढे टाक. आपल्या गाद्यांना ऊन माहीत तरी आहे का?"

मायल्स बारा वर्षांपूर्वी डब्लिन सोडून गेला. फ्रान्समध्ये मार्सेयला तो कारकुनांना इंग्रजी शिकवायचा. आईच्या पायांत पाणी साठत होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते, ते वर छातीकडे चढेल. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईने विचारलंही नाही. तिला एवढंच हवं होतं, की त्याआधी तो एकदा दारातून आत यावा.

गादी चुलीपुढे आली. तिला ओलसर वास सुटला.

*पुस्तकात*

बहीण खिडकीत उभी होती. तिच्या हातात सुई होती आणि सुईत दोरा नव्हता. साऱ्या देशासारखी ती वाट पाहत होती. कोणाची, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

*घरात*

खिडकीत उजेड असतो म्हणून डिलिया तिथे बसते. दोरा असतो. तपकिरी असतो. नदीकाठच्या कारखान्यात ती मेलेल्यांना घालायचे झगे शिवते, राहिलेलं काम घरी आणते. साधूंच्या झग्यासारखा झगा: छातीवर क्रूस, लांब बाह्या, पुढे चुण्या. मागे काही नाही. मेलेला माणूस उताणा असतो, पाठीचं कापड कोण वाया घालवणार? पुढून पांघरायचा, कडा अंगाखाली खोचायच्या.

गल्लीतल्या प्रत्येक बाईचा असा झगा खणात घडी करून ठेवलेला आहे. मे महिन्यात सगळ्याजणी आपापला झगा बाहेर काढून शेकोटीपुढे धरतात, कसर लागू नये म्हणून. आणि एकमेकींच्या दारात उभ्या राहून म्हणतात, अगं, तुझा अजून नवाच्या नवा! आईचा झगा डिलियाने शिवला होता आणि मठातल्या साधूने त्यावर पवित्र पाणी शिंपडलं होतं.

"आणि मी कुठे आहे विचार," ऊना म्हणाली. एके काळी ती आणि मायल्स आयरिश भाषेच्या वर्गाला बरोबर जायचे. गल्लीने त्यांचं लग्न ठरवून टाकलं होतं. "दोन पानं आहे मी. समुद्राच्या वाटेवर माझी छत्री उलटी होते आणि मी हसते. झालं. त्यानंतर मी आयर्लंड देश बनते आणि एका फादरबरोबर निघून जाते."

"कुठल्या फादरबरोबर?" आईने विचारलं.

"नाव नाही दिलं, मिसेस टॅलन. दिलं असतं तर गेले असते."

आई इतकी हसली की तिला खोकला आला. डिलियाने पाणी दिलं. ऊनाने इंग्रजांविरुद्धच्या ईस्टरच्या बंडात पावाच्या टोपलीतून निरोप पोचवले होते आणि उन्हाळाभर तुरुंगात काढला होता. पण मायल्स तेव्हा नव्हता, त्याला छत्री तेवढी आठवत होती.

*घरात, पुढे*

रोज कामावरून आल्यावर डिलिया थोडं वाचून दाखवायची. आई डोळे मिटून ऐके. मध्येच म्हणे, "हे असं नव्हतं झालं," आणि मग, "असू दे, छान लिहिलंय." शाळा. मास्तरांची छडी. बाप खानावळीत गाणं म्हणतो ते. बापाचं पान आईने दोनदा वाचायला लावलं.

"मी कधी येते?"

"येतेस की. सारखी येतेस. पाव कापतेस, गुडघे टेकून प्रार्थना करतेस."

"बोलत नाही का काही?"

डिलियाने पानं चाळली. "बोलतेस. 'देवाची इच्छा' म्हणतेस."

"आणि?"

"पुन्हा एकदा 'देवाची इच्छा'."

"एवढीच कटकट केली असती तर तुमचा बाप अजून जिवंत असता," आई म्हणाली.

शेवटचं प्रकरण डिलियाने कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, कापडाच्या गठ्ठ्यामागे बसून आधीच वाचून काढलं होतं. त्यामुळे त्या पानाशी आल्यावर तिने चार पानं एकदम उलटली.

"जाड उलटलंस," आई म्हणाली.

"चिकटली होती."

"सोडव मग."

"आई, त्यात काही नाही. समुद्राचं वर्णन आहे नुसतं."

"मी समुद्राजवळच वाढले. वाच."

*पुस्तकात*

आई मेली तेव्हा पाऊस नव्हता. तपकिरी झग्यात ती लहान दिसत होती, कोणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखी. तो रडला. पहाटेपर्यंत रडला, आणि रडून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला आता कुठलंच घर नाही. त्या सकाळी ओहोटीच्या वाळूवर त्याला ती पुन्हा दिसली. ती आई नव्हती; ते एक बेट होतं, झगा घालून उभं राहिलेलं. त्याने हाक मारली. तिने पाठ फिरवली. ती तपकिरी पाठ धुक्यात शिरेपर्यंत तो पाहत राहिला, आणि मग बोटीच्या दिशेने चालू लागला.

*घरात*

डिलिया थांबली. चुलीत एक निखारा फुटला.

"म्हणजे मी मेले," आई म्हणाली.

"गोष्ट आहे, आई."

"ते कळतं गं मला. कशाने मेले?"

"लिहिलं नाही."

"बरं." मग तिला हसू यायला लागलं. "पाठ! अगं, त्या झग्याला पाठ असते कुठे? सगळ्या डब्लिनसमोर उघडी चालले असते की मी वाळूवरून!"

डिलियाला हसू आलं नाही. "त्याने हाक मारली आणि तू पाठ फिरवलीस, असं लिहिलंय त्याने. तो गेला त्या दिवशी तू दारात उभी होतीस. कोपऱ्यावर गाडी वळली तरी उभीच होतीस. दूध उतू गेलं. मी पाहिलंय. वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने, आणि आता म्हणतो..."

"अगं, पण रडला ना? पुन्हा वाच ते."

"पहाटेपर्यंत," डिलियाने वाचलं.

"पहाटेपर्यंत." आईने मान डोलावली. मांडीवरची शाल सारखी केली. "मग तो येत नाही आता, डिलिया."

"का नाही येणार? पुस्तक संपलं की—"

"पुरलं त्याने मला. मन लावून रडून पुरलं. एकाच आईला माणूस दोनदा पुरायला येत नाही. ती गादी वर ने. पोतेरं झालंय तिचं."

डिलियाने एकटीने गादी जिन्यावरून ओढत नेली.

*घरात. पुस्तकात हे नाही.*

जूनमध्ये एका दुपारी इंग्रज लष्कराच्या लॉऱ्या गल्लीच्या दोन्ही तोंडांशी येऊन उभ्या राहिल्या. बंदुका शोधत शिपाई घराघरांत शिरले. टॅलनांच्या घरात दोघे आले. एकाने पिठाचा डबा उपडा केला. दुसरा, ज्याला अजून मिशी फुटत होती, आईच्या खोलीतला खण उचकटून बाहेर आला. त्याच्या हातात झगा होता.

"ही कुठल्या पलटणीची वर्दी?" त्याने विचारलं.

"मोठी पलटण आहे, बाळा," आई खुर्चीतून म्हणाली. "तुझ्या आईचीसुद्धा भरती व्हायची आहे तीत."

"आई, गप्प बस," डिलिया म्हणाली. "साहेब, तो मेल्यावर घालायचा झगा आहे. हे पाहा, याला मागची बाजूच नाही."

"मागची बाजू अजून शिवायची राहिलीय," शिपाई आपल्या साथीदाराला म्हणाला. "इथे वर्द्या शिवतात." त्यांच्या गावी मेलेल्यांना काय घालतात कोण जाणे. झगा त्याने काखोटीला मारला. दाराबाहेर लॉरीत बऱ्याच वस्तू साठल्या होत्या: भिंतीवरची तसबीर, सायकल, कोणाचा तरी हिरवा पडदा. त्यावर त्याने झगा टाकला.

डिलिया दारापर्यंत धावली.

"ये आत," आई म्हणाली. "पीठ गोळा कर. माझं कापड देशाच्या कामी आलं म्हण. त्या ऊनाला सांग, आता मीही बंडखोर झाले."

त्या रात्री तिला उशा लावून बसवूनच झोपवावं लागलं. पाणी वर चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी डिलियाने कारखान्यातून कापड आणलं आणि खिडकीत बसून बेतायला घेतलं. आईने कात्रीचा आवाज ऐकला.

"या खेपेला पाठ लाव," ती म्हणाली.

"काय?"

"पाठ लाव म्हटलं. बटणं लाव मागे. नीट कपड्यासारखी."

"आई, कोणाच्याच झग्याला नसते. बायका हसतील."

"हसू दे. ते पुस्तक इथे आज ना उद्या सगळ्याजणी वाचणार. फादर नको म्हणाले म्हणजे वाचणारच. मग म्हणतील, या हनोरा टॅलनच्या पोराला एवढंसुद्धा माहीत नाही, झग्याला पाठ नसते. आईला घातलेला त्याने पाहिलाच नाही म्हणतील." तिला धाप लागली. ती थांबली. "छापलंय त्याने. खोटा नको पडायला."

डिलियाने कात्री खाली ठेवली. तिला ओरडायचं होतं. बारा वर्षं तुझे पाय कोण चोळतंय, आणि त्याच्या पुस्तकात माझ्या सुईला दोरासुद्धा नाही, हे तिला ओरडून सांगायचं होतं. आईने हात पुढे करून टेबलावरचं कापड चाचपलं, पुस्तकावरचं नाव चाचपलं होतं तसं.

"पुरेल ना गं?" तिने विचारलं.

"पुरेल," डिलिया म्हणाली आणि पाठ बेतू लागली.

*घरात*

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आई गेली. रिवाजाप्रमाणे आरसा झाकला, घड्याळ थांबवलं. मार्सेयला तार केली होती, तिचं उत्तर दुपारी आलं. ऊनाने वाचलं: "निघू शकत नाही. ती सदैव माझ्याजवळ आहे."

"मग शवपेटी तिकडेच पाठवायची का?" ऊना म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवून रडायला लागली. डिलिया रडली नाही. तिने गरम पाण्याचं घमेलं आणलं. दोघींनी आईला पुसलं, केस विंचरले.

मग झगा. ऊनाने तो उलगडला, सवयीने आईच्या अंगावर पसरायला गेली आणि थबकली.

"डिलिया, याला पाठ आहे."

"हो."

"पण कोणाला दिसणार ती?"

"कोणालाच नाही. तिला उठवून बसवायला लागेल. धर तिला पुढून."

ऊनाने आईला खांद्यांखाली धरून उचललं. आईचं डोकं तिच्या खांद्यावर आलं, गालाला गाल लागला. एक बाही, मग दुसरी. डिलिया पलंगावर गुडघे टेकून मागे बसली. बटणं तिने हाडाची लावली होती, कारखान्यात मिळतात त्याहून चांगली. काजं घट्ट होती. एकेक बटण ती सावकाश घालत गेली, मानेपासून खाली.

"झालं का?" ऊनाने विचारलं. तिचे हात भरून आले होते.

"थांब जरा. बसू दे तिला."

खिडकीतून उजेड आला होता. आई दोघींच्या मध्ये बसली होती, तपकिरी पाठ डिलियाकडे करून. डिलियाने त्या पाठीवरची एक चुणी तळहाताने साफ केली. मग दोघींनी मिळून तिला हळूच मागे टेकवलं.